अंधारात फिल्म भरताना: प्लास्टिकचं रीळ की स्टीलचं?

घरी रोल धुवायचं ठरवलं की डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) कोणता आणि फिक्सर (ते पक्कं करणारं) कोणता यावर तासन् तास चर्चा होते. खरी परीक्षा त्याच्या आधीच होऊन गेलेली असते. कॅसेटमधून फिल्म काढायची, रिळावर चढवायची आणि टाकीचं झाकण लावायचं, काम एवढंच. पण ते पूर्ण काळोखात, फक्त बोटांच्या भरवशावर. रसायनात थोडं इकडंतिकडं झालं तर निगेटिव्ह जरा पातळ किंवा जरा दाट येते, आणि बऱ्याचदा प्रिंट करताना किंवा स्कॅन करताना ते सांभाळून घेता येतं. रिळावर झालेल्या चुकीला असा दुसरा डाव नसतो. तिथली फ्रेम गेली की गेली.

मी पहिली सहा वर्षं प्लास्टिकच्या रिळावर काढली आणि त्यानंतरची नऊ स्टीलवर. दोन्ही प्रकारची रिळं आजही खणात आहेत आणि दोन्हींनी मला चांगल्या निगेटिव्ह दिल्या आहेत. फिल्म नीट चढली असेल तर रीळ कशाचं होतं हे नंतर निगेटिव्ह बघून मला तरी ओळखता येणार नाही. फरक आहे तो काळोखातल्या त्या दोन-चार मिनिटांचा, म्हणून इथे बोलणार आहे तेही बहुतेक त्याबद्दलच. टाकी, तापमान, झाकणं हे सगळं ओघात येईल तेवढंच.

प्लास्टिकचं रीळ शिकायला सोपं असं सगळे म्हणतात आणि ते अगदी खरं आहे. फिल्मचं टोक तोंडाशी असलेल्या पट्ट्यांखालून आत सरकवायचं, तिथल्या छोट्या पोलादी गोळ्यांच्या पलीकडे बोटभर ओढून घ्यायचं आणि मग दोन्ही हातांनी रिळाच्या दोन्ही तबकड्या, ज्यांना आतून गोल गोल खाच असते त्या, पुढे-मागे फिरवत राहायचं. एका बाजूची गोळी फिल्म धरते तेव्हा दुसरीकडची सोडते, पुढच्या वळणाला उलट. फिल्म आपली आपण आत चालू लागते. तोंड कुठे आहे हे शोधायलाही त्रास नाही, कारण तिथे दोन्ही तबकड्यांना पुढे आलेले कान असतात आणि अंगठा आपोआप त्यांच्यावर जाऊन बसतो. माझा पहिलावहिला रोल पहिल्याच प्रयत्नात चढला होता. ज्याने कधी रोल धुतलेला नाही त्याच्या हातात मी आजही आधी प्लास्टिकचंच रीळ देईन. पहिला रोल नीट निघाला तर माणूस दुसरा धुतो.

शिवाय एकाच रिळाच्या तबकड्या जवळ-लांब करून ३५ मिमी आणि १२० (कागदासोबत गुंडाळलेली, जास्त रुंद फिल्म) दोन्ही चढवता येतात. स्टीलमध्ये प्रत्येक मापाचं रीळ वेगळं घ्यावं लागतं.

अडचण सुरू होते ती फिल्मच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात. ३६ फ्रेमची फिल्म साधारण १.६ मीटर लांब भरते. प्लास्टिकच्या रिळात ती बाहेरून आत जाते. म्हणजे तबकडी दर वेळी फिरवली की नुसता नवा तुकडा आत येत नाही, आधी आत गेलेली सगळीच्या सगळी फिल्म खाचेतून आणखी थोडी पुढे सरकावी लागते. पहिल्या फूटभराला काही जाणवत नाही. मीटरभर आत गेली की मीटरभर लांबीच्या दोन्ही कडा एकाच वेळी प्लास्टिकला घासत असतात, आणि मध्याकडे वेढे लहान होत गेल्याने फिल्मला जास्त वाकावं लागतं ते वेगळंच. घर्षण असं साठत जातं. त्यात खाचेत कुठे ओल राहिली असेल तर फिल्मवरचं जिलेटिन ती शोषून घेतं, फुगतं, चिकट होतं आणि तिथेच बसतं. २४ फ्रेमचे रोल माझ्याकडे अडकल्याचं फारसं आठवत नाही. ३६ वाले जे अडकले ते जवळजवळ सगळे पंचविसाव्या-तिसाव्या फ्रेमच्या आसपास. हे काही मी मोजून, लिहून ठेवलेलं नाही, पण हाताला ती जागा पाठ झाली होती. तिथवर आलो की श्वास रोखला जायचा.

ज्या रोलने माझा निर्णय केला तो एका मित्राच्या नाटकाच्या रंगीत तालमीचा होता. इल्फर्डची एचपी५, म्हणजे आयएसओ ४०० ची फिल्म, कॅमेऱ्यात १६०० धरून चालवलेली. एकूण तीन रोल. माझ्याकडे रिळं दोनच होती. पहिले दोन रोल एकत्र धुतले आणि सुरेख निघाले. रात्रीचे अकरा वाजत आले होते. तिसऱ्यासाठी सकाळपर्यंत थांबायला हवं होतं, पण पहिले दोन बघितल्यावर राहवलं नाही. रीळ झटकलं, कापडाने पुसलं, बोटाला कोरडं लागेपर्यंत हेअर ड्रायर फिरवला आणि चेंजिंग बॅगेत, म्हणजे हात घालायला बाह्या असलेल्या उजेडबंद पिशवीत, हात घातले.

सुरुवात नेहमीसारखी झाली. खर्र-खट, खर्र-खट, त्या आवाजाची एक लय असते. मग लय तीच राहिली पण आवाज जड झाला. तबकडी फिरत होती आणि फिल्म मात्र पुढे जात नव्हती. तोंडाशी तिचा फुगवटा येत होता. मी थांबलो, फुगवटा बोटाने मागे घेतला आणि पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच. थोडा जोर लावला तर ‘टक्’ असा अगदी बारीक आवाज आला आणि अंगठ्याखाली कळलं की फिल्मची एक कड खाच सोडून वर आली आहे.

आता खरा मुद्दा. इथून मागे फिरता येत नाही. त्या गोळ्या बसवलेल्याच असतात फिल्म आत जाऊ देण्यासाठी आणि बाहेर येऊ न देण्यासाठी. बाहेर ओढावं तर त्या आणखी घट्ट धरतात. पुढे जात नाही, मागे येत नाही, उजेड करता येत नाही, आणि बॅगेत कोंडलेल्या हातांना घाम सुटायला लागलेला असतो. मनगटांवरचं इलॅस्टिक घट्ट, आत हवा खेळत नाही, त्यामुळे तो घाम जातो कुठे तर फिल्मवरच. जितका वेळ सोडवायला लावावा तितकी ती जास्त चिकटते. शेवटी एकच रस्ता उरतो: दोन्ही तबकड्या अटकावाच्या पुढे फिरवून एकमेकींपासून ओढून काढायच्या. तसं केल्यावर आत बसलेली मीटरभर फिल्म स्प्रिंगसारखी उसळली आणि मनगटांभोवती पसरली. मग ती चाचपत गोळा करायची, तबकड्या पुन्हा जुळवायच्या आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. मला एकूण पाऊण तास लागला. शेवटच्या नऊ फ्रेमवर काळ्या चंद्रकोरी उमटल्या, फिल्म मुडपली की उमटतात तशा, आणि दोन ठिकाणी माझ्या बोटाचे ठसे. नाटकाचा शेवटचा प्रवेश त्या नऊ फ्रेममध्ये होता.

चूक माझीच होती, रीळ पुरतं वाळलेलं नव्हतं, असं कोणी म्हणेल तर ते बरोबरच आहे. प्लास्टिकची नीट काळजी घेतली तर असे प्रसंग खूप कमी होतात, हेही मी अनुभवाने सांगतो. रीळ वापरल्यावर पुरता एक दिवस वाळू द्यायचं. दर वेळी गरम पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन खाचा घासायच्या, कारण शेवटच्या पाण्यात आपण जे वेटिंग एजंट (फिल्मवर पाण्याचे डाग राहू नयेत म्हणूनचं द्रावण) घालतो त्याचा पातळ थर खाचेत साचतो आणि पुढच्या फिल्मला तोच धरतो. मी तर पुढे पुढे फिल्म रिळावरून उतरवून मगच त्या द्रावणात बुडवायला लागलो. पुढचं टोक दोन भोकांच्या मधोमध कापायचं आणि त्याचे कोपरे कात्रीने गोल करायचे. गोळ्या मोकळ्या हलतात ना ते रीळ कानाशी धरून हलवून ऐकायचं. काही जण खाचेतून मऊ पेन्सिल फिरवतात, तिच्या ग्राफाइटने कड सरकते. मला त्याचा थोडा उपयोग झाला. आणि शक्य असेल तर बॅगेऐवजी पूर्ण अंधार करता येईल अशी खोली वापरायची. तिथे हाताला घाम कमी येतो आणि कापड सारखं रिळावर पडत नाही.

हे सगळं करायला लागल्यावर अडकणं बरंच कमी झालं, अंदाजाने दहा-बारा रोलला एकदा. पण थांबलं नाही. आणि एवढी तयारी करूनही अडकलं की करायचं काय, याला उत्तर तेच राहिलं: रीळ खोला, फिल्म सुटी करा, पहिल्यापासून भरा.

स्टीलच्या रिळाने पहिल्या पंधरवड्यात माझा अंत पाहिला, हे आधीच सांगून टाकतो. दोन तारांची वेटोळी, मधे त्यांना जोडणाऱ्या दांड्या, मध्यभागी एक चिमटा किंवा दोन आकडे. हलणारा भाग एकही नाही. फिल्म आतून बाहेर चढते. अंगठा आणि मधलं बोट कडांवर ठेवून अगदी हलका दाब दिला की फिल्मला पन्हळीसारखा बाक येतो आणि तिची रुंदी तारांमधल्या अंतरापेक्षा जराशी कमी होते. टोक मध्यभागी अडकवायचं आणि मग फिल्म पुढे ढकलायची नाही, रीळ फिरवायचं. फिल्म हातातून सुटताना बाक सोडते आणि दोन्हीकडच्या तारांमध्ये जाऊन बसते. वाचायला हे जितकं सरळ वाटतं तितकं ते पहिल्या दिवशी हाताला येत नाही. दाब जास्त झाला तर फिल्म मुडपते, कमी झाला तर एक कड तारेच्या बाहेर राहते.

सगळं ठरतं ते पहिल्या दीड वेढ्यात. टोक मध्यभागी तिरकं बसलं असेल तर पुढे कितीही सांभाळा, तिसऱ्या-चौथ्या वेढ्याला एक बाजू तार सोडणारच. म्हणून टोक कापताना ते काटकोनात कापलं गेलं पाहिजे. हे काम रोल कॅसेटमध्ये असताना, लीडर (फिल्मचं पुढचं टोक) बाहेर काढून, उजेडातच उरकावं. मी उजेडात एक वाया गेलेला रोल घेऊन तीस-चाळीस वेळा चढवला आणि उतरवला, मग डोळे मिटून, मग बॅगेत. सात-आठ दिवस रोज दहा मिनिटं. एक दिवस लक्षात आलं की रीळ फिरतंय आणि मी त्याचा विचार करत नाही आहे.

स्टीलवर टीका होते ती मुख्यतः एका गोष्टीसाठी आणि ती टीका योग्य आहे. प्लास्टिकमध्ये फिल्म अडकली की लगेच कळतं. स्टीलवर दोन वेढे एकाच खाचेत गेले तरी रीळ मजेत फिरत राहतं. मग जिथे एक वेढा दुसऱ्याला चिकटतो तिथे डेव्हलपरही पोचत नाही आणि फिक्सरही नाही. फिल्म बाहेर काढली की तिथे दुधी, अपारदर्शक डाग दिसतो. तो पुन्हा फिक्सरमध्ये टाकला तर डाग जातो, पण खाली चित्र नसतं, कारण ते कधी उमटलंच नव्हतं. माझ्या चौथ्या का पाचव्या रोलवर अंगठ्याएवढे असे दोन डाग आले होते. त्या वेळी प्लास्टिककडे परत जावं असं मनात आलं होतं, ते लपवत नाही.

तो प्रसंग पुन्हा आला नाही, कारण त्यानंतर मी प्रत्येक दोन-तीन वेढ्यांनंतर एक छोटी तपासणी करायला लागलो. रीळ फिरवायचं थांबवायचं, फिल्म बोटांत धरून रिळात किंचित ढकलायची आणि किंचित मागे घ्यायची. नीट बसली असेल तर ती मोकळेपणाने थोडी पुढे-मागे होते, दार नुसतं लोटलेलं असावं तशी. कुठे एक कड सुटली असेल तर ती हलत नाही, हाताला कठीण लागते. आवाजही सांगतो. नीट चढणाऱ्या फिल्मची एकसारखी, कोरडी सळसळ येते. कड तारेवर चढली की कागद चुरगळल्यासारखी करकर होते. आणि शेवटी, पूर्ण फिल्म चढल्यावर, बाहेरच्या बाजूला किती तार रिकामी राहिली ते बोट फिरवून पाहायचं. त्याच रिळावर ३६ फ्रेमची फिल्म दर वेळी साधारण एकाच जागी संपते. नेहमीपेक्षा जास्त तार रिकामी राहिली, तर आत कुठेतरी दोन वेढे एका जागेत बसले आहेत.

आणि असं सापडलं तर? रीळ उलट फिरवायचं. बस. दोन वेढे मागे या, जिथे करकर झाली होती तिथवर, पुन्हा बाक द्या, पुन्हा पुढे चला. माझ्या दृष्टीने सगळी तुलना इथे येऊन थांबते. स्टीलवर चढलेला वेढा जिथे बसला तिथेच राहतो, पुढचा वेढा येताना तो जागचा हलत नाही. म्हणून चौतिसावी फ्रेम चढवायला तितकाच जोर लागतो जितका चौथीला लागला होता, आणि उतरवतानाही फक्त बाहेरचाच वेढा सुटतो. गोळी नाही, अटकाव नाही, काही खोलून सुटं करायचं नाही. मी आजही दहातल्या तीन-चार रोलला कुठेतरी एखादा वेढा मागे येतोच. प्लास्टिकवर माझ्या चुका याहून कमी व्हायच्या. पण स्टीलवरची चूक पंधरा सेकंदांची असते आणि तिच्या खुणा निगेटिव्हवर राहत नाहीत.

ओलीचा प्रश्नही त्यातच सुटतो. धुतलेलं स्टीलचं रीळ कापडाने नीट पुसून घेतलं की मला पुढच्या रोलसाठी चालतं. ओलं रीळ मुद्दाम वापरा असं मी म्हणणार नाही, पाण्याचा थेंब फिल्मला कुठेही नकोसाच. पण एका बैठकीत चार-पाच रोल धुवायचे असतील तर दोन रिळांवर काम भागतं, आणि पाचव्या रोललाही मनात तीच शांतता असते जी पहिल्याला होती. दमट हवेत तर हा फरक मला फार मोठा वाटतो.

मात्र स्टील घ्यायचंच तर रीळ बघून घ्या. स्टीलला नावं ठेवणाऱ्या बऱ्याच जणांच्या हातात मी पातळ तारेचं, मधला चिमटा जरा एका बाजूला सरकलेलं रीळ पाहिलेलं आहे. अशा रिळावर टोक सरळ बसणारच नाही, मग दोष हाताला दिला जातो. ह्यूज या कंपनीची रिळं मला यासाठीच आवडतात: तार जाड, आणि ३५ मिमीच्या रिळात मध्यभागी दोन आकडे असतात जे फिल्मच्या कडेच्या भोकांत जाऊन बसतात. टोक दोन्ही बाजूंनी अडकलं की ते तिरकं व्हायला जागाच उरत नाही. महाग पडतात खरी, पण एकच घ्या आणि हे घ्या असं मी सांगेन. जुनं रीळ घेत असाल तर डोळ्यांसमोर आडवं धरून दोन्ही वेटोळी एकमेकींना समांतर आहेत ना ते सगळ्या बाजूंनी फिरवून बघा. रीळ एकदा फरशीवर पडून वाकलं की संपलं. माझं एक तसं गेलं. मी पक्कडीने सरळ करायचा प्रयत्न केला, नजरेला ते सरळ दिसतही होतं, पण दर वेळी त्याच जागी फिल्म तार सोडायची. वाकलेलं रीळ ठेवू नका, चुकून पुन्हा हातात येतं.

१२० च्या बाबतीत मात्र माझं मत इतकं ठाम नाही, आणि तुम्ही मुख्यतः १२० च वापरत असाल तर वरचं सगळं थोडं कमी जोराने वाचा. १२० ची फिल्म रुंद असते, सुमारे ६ सेंटीमीटर, आणि तिचा आधार, म्हणजे थर ज्यावर दिलेला असतो ती पट्टी, पातळ असतो. उदाहरणार्थ एचपी५ ची ३५ मिमी फिल्म ०.१२५ मिमी जाडीच्या आधारावर येते आणि १२० ची ०.११० मिमीच्या. आकड्यात फरक किरकोळ वाटतो, हाताला तो चांगलाच कळतो. एवढी रुंद आणि मऊ फिल्म स्टीलवर बाक देऊन चढवताना ती कुठेही मुडपू शकते, आणि इथे चिमट्यात टोक मधोमध बसवायला भोकंही नसतात. दुसरीकडे ती फक्त ८० सेंटीमीटरच्या आसपास लांब असते, म्हणजे प्लास्टिकच्या रिळात घर्षण साठायच्या आत संपते. त्यामुळे माझ्या पाहण्यात १२० प्लास्टिकमध्ये शेवटाकडे फारशी अडत नाही, अडते ती तोंडाशीच. मऊ टोक पट्ट्यांखाली जात नाही, वाकतं, एकीकडे पुढे आणि एकीकडे मागे राहतं.

त्यावर एक उपाय मला फार उपयोगी पडला. १२० चा रोल उलगडताना आधी कागद येतो, मग फिल्मचं मोकळं टोक आणि सगळ्यात शेवटी कागदाला चिकटपट्टीने जोडलेलं टोक. हे जोडलेलं टोक कागदापासून सावकाश सोडवा (झटक्याने ओढलं तर तिथे क्षणभर प्रकाश चमकतो, अंधारात तो डोळ्यांना दिसतो) आणि चिकटपट्टी फाडून न टाकता फिल्मच्या टोकावर दुमडून घट्ट दाबा. आता ते टोक दुप्पट कडक झालं. रिळात तेच आधी घाला. तोंडाशी रुंद पट्टी असलेली प्लास्टिकची रिळं यासाठी अधिक सोयीची असतात, फिल्म पट्टीवर टेकवून नुसती पुढे सारायची. मी आज १२० अशीच चढवतो, प्लास्टिकवर. स्टीलचं १२० चं रीळ घेतलं होतं, वर्षभर प्रयत्न केला आणि मग सोडून दिलं. माझ्या ओळखीचे दोघे जण ते सहज करतात, तेव्हा दोष रिळाचा म्हणता येणार नाही.

टाक्यांबद्दल थोडक्यात. स्टीलच्या टाकीला रसायन कमी लागतं: ३५ मिमीच्या एका रोलला साधारण २४० ते २५० मिली, तर नेहमीच्या प्लास्टिकच्या टाकीला २९०. डेव्हलपर एकदा वापरून फेकणाऱ्यांना हा फरक वर्षाकाठी दिसतो. स्टील उष्णता पटकन घेतं आणि पटकन सोडतं. रंगीत फिल्मच्या ३८ अंशांच्या पाण्यात टाकी ठेवायची असेल तर ते सोयीचं, पण साध्या कृष्णधवल कामात २० अंशांवर धरून बसायचं तर हाताच्या उबेनेही पारा चढतो. प्लास्टिकच्या टाकीत द्रव ओतायला तोंड मोठं असतं, ती भराभर भरते आणि रिकामी होते. स्टीलची सावकाश भरते आणि उलटसुलट करताना झाकणाच्या कडेतून थोडी गळतेही, त्याला हातमोजे हाच उपाय. या सगळ्यांपैकी एकाही गोष्टीवरून मी रीळ निवडलं नसतं.

तेव्हा तुम्हाला काय सुचवू? महिन्या-दोन महिन्यांतून एखादा रोल होत असेल, रीळ वाळायला भरपूर वेळ मिळत असेल, किंवा दोन्ही मापांच्या फिल्म एकाच संचात धुवायच्या असतील, तर प्लास्टिक घ्या आणि त्या खाचा मनापासून घासत जा. त्यात काही कमी आहे असं मी म्हणणार नाही. पण ३५ मिमीचे रोल नेमाने होत असतील, एका बसणीत दोनांपेक्षा जास्त धुवायचे असतील, हाताला घाम येत असेल किंवा हवा दमट असेल, तर आठ दिवसांचा सराव गृहीत धरून स्टीलकडे वळा असं मला वाटतं. सराव संपेपर्यंत महत्त्वाचे रोल तसेच राखून ठेवा. काढलेली फिल्म थंड, कोरड्या जागी काही आठवडे सहज टिकते. घाईघाईने नव्या रिळावर चढवू नका.

आणि कोणतंही रीळ घेतलंत तरी चेंजिंग बॅगेत हात घालायच्या आधी टाकी, तिचं झाकण आणि कात्री या तिन्ही वस्तू आत आहेत ना ते बघा. फिल्म अडकली, हात ओले झाले, काही सुचेनासं झालं, तर तिच्याशी झगडत बसू नका. ती सैल गुंडाळी करून रिळाशिवायच टाकीत सोडा, झाकण घट्ट लावा आणि हात बाहेर काढा. टाकी बंद आहे तोवर फिल्मला काही होत नाही. हात धुवा, पुसा, पुरते वाळू द्या, अर्ध्या तासाने पुन्हा बॅगेत शिरा. प्लास्टिकच्या टाकीत मात्र मधली नळी आधी बसवा आणि मगच झाकण लावा; ती नसेल तर झाकण लावूनही वरून उजेड थेट आत जातो.